पलीकडच्या काठावरचं बिस्कीट

“हे बघा. कोरडं ठणठणीत.”

बायकोने लेकीचा पोहण्याचा पोशाख पाणीकाकांच्या मांडीवर टाकला. ते नुकतेच कामावरून आले होते. दारातच पायरीवर बसून एक बूट काढला होता आणि दुसऱ्याच्या नाडीला हात घातला होता. पोशाख निळा, खांद्यावर पांढरी पट्टी. त्यांनी तो उचलून नाकाशी नेला. तलावाच्या पाण्याला औषधाचा जो उग्र वास असतो, जो त्यांच्या स्वतःच्या हाताला गेली कित्येक वर्षं चिकटून होता, तो त्याला नव्हता. साबणाचा होता, आणि साबणाखाली कपाटाचा.

“पिळून वाळवला असेल,” ते म्हणाले.

“मला शिकवताय? अहो, दिवसभर इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करते मी. ओलं कुठलं, दमट कुठलं, वाळलेलं कुठलं, डोळे मिटून सांगेन. हा कपडा आज पाण्यात गेला नाही. काल नाही, परवाही नाही.”

“पण केस तर ओले असतात तिचे.”

“तेच म्हणते ना मी! केस ओले आणि कपडा कोरडा. तुमच्या तलावात काय नुसती डोकीच पोहतात?”

पाणीकाका हसले नाहीत. एरवी हसले असते. आतल्या खोलीतून कागदाची चुरचुर ऐकू आली. पुडा उघडताना होते तशी, दबकी, थांबून थांबून. नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही ती ऐकलीच नाही असं केलं.

त्यांना पाणीकाका हे नाव तलावावरच्या पोरांनी दिलं होतं. पोहायला येणाऱ्यांना तलाव म्हणजे वरचं निळं पाणी, फरशा, उडीची फळी. पाणीकाकांचा तलाव जमिनीखाली होता. पंपाची खोली, वाळूने भरलेले फिल्टर, जाड नळ, आणि सतत घुमणारा एक आवाज, झोपलेल्या मोठ्या जनावराच्या श्वासासारखा. पंपाच्या जाळीतून ते रोज केस, बटणं, पिना, पानं आणि कधीतरी एखादा दुधाचा दात काढायचे. वरचं पाणी आरशासारखं दिसावं म्हणून खाली एका माणसाने हात घाण करायचे, असा तो व्यवहार. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. तक्रार करायची तर पंपाच्या आवाजात ती ऐकणार कोण?

लेक चालायला शिकली आणि पाठोपाठ पोहायला. तलाव उघडण्याआधी, सकाळच्या कोवळ्या उजेडात, बाप तिला पाण्यात सोडायचा. त्या वेळी पाण्याला रंग नसतो. आभाळ अजून ठरवत असतं, आज कुठला द्यावा. काठावरचा हात सोडायला पोर तयार होईना, तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. पलीकडच्या काठावर एक बिस्कीट ठेवलं. स्वतः त्याच्यामागे उकिडवे बसले, दोन्ही हात पुढे केले, आणि म्हणू लागले:

*हात म्हणे पाय रे, माझ्या मागं ये रे,*
*पाय म्हणे हात रे, पुढं पुढं जा रे.*

आणि पोर आली. फुसफुसत, डोळे मिटून, अर्धं पाणी पिऊन, पण आली. ओल्या बोटांनी बिस्कीट उचललं. ते बोटांतच विरघळलं. तिने बोटं चाटली आणि हसली. बापाला वाटलं, जगात शिकवायचं म्हणून जे काही असतं ते आपल्याला सापडलं. त्याने तिला त्याच दिवशी मासोळी म्हणायला सुरुवात केली.

गोड युक्ती एकदा घरात शिरली की पाहुण्यासारखी वागत नाही, घरमालक होते. पाढे म्हटले, बिस्कीट. सुई टोचून घेतली, बिस्कीट. पडली, बिस्कीट. पडूनही रडली नाही, दोन बिस्किटं. आत्या आली की म्हणायची, “दादा, पोरगी वाढवतोयस की सर्कशीतलं अस्वल?” आणि पर्समधून स्वतःच आणलेला पुडा काढून भाचीच्या हातावर ठेवायची. सगळे हसायचे. पोरही हसायची, भरल्या तोंडाने.

मग ती अकरा वर्षांची झाली. एके सकाळी पाण्यातून बाहेर येताना तिने टॉवेल आधी पुढ्यात ओढला आणि मग वर आली. एवढंच झालं. पण बापाने ते बघितलं आणि नजर वळवली. आपण आता काठावर बसू नये हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी पोहणं शिकवणाऱ्या ताईंच्या वर्गाला, इतर मुलींबरोबर जाऊ लागली, आणि पाणीकाका खाली पंपाच्या खोलीतच राहू लागले. फक्त तिच्या पिशवीत, टॉवेलच्या घडीत, ते रोज एक पुडा ठेवायचे. आपण नाही तर आपलं काहीतरी बरोबर असावं म्हणून.

माणूस मागे सरला. बिस्किटं पुढेच राहिली.

गेल्या वर्षभरात लेक भराभर भरली. गाल, दंड, कंबर. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाई मोठ्या समजुतीच्या होत्या. त्यांनी आईला बोलावून घेतलं, पोरीलाही बसवलं. म्हणाल्या, “या वयात अंग भरतंच, त्याचं काही नाही. पण वजन जरा घाईत वाढतंय. ती भूक लागली म्हणून खाते, की खायला मिळावं म्हणून काहीही करायला तयार असते, तेवढं बघा.” मग पोरीकडे वळून सहज विचारलं, “समज, एकीकडे मैत्रिणी, गाणी, खेळ, आणि दुसरीकडे...”

“खाऊ,” लेक म्हणाली. वाक्य संपूही दिलं नाही. आणि स्वतःच खुदकन हसली. डॉक्टरीणबाईही हसल्या, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. आईने ते पाहिलं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या कपाटाला कुलूप लागलं. किल्ली आईच्या कमरेला. चार दिवस घर शांत होतं. पाचव्या दिवशी कळलं की लेक शेजारणीचं रडकं मूल सबंध दुपार कडेवर घेऊन फिरते. एका पुड्यासाठी. खालच्या म्हातारीची पाण्याची भांडी भरून देते. मूठभर गोळ्यांसाठी. घरात इकडची काडी तिकडे न करणारी मुलगी दारोदार राबत होती.

“कौतुक करतायत सगळ्या,” बायको म्हणाली होती, “म्हणे, किती गुणी मुलगी! जीव जातो माझा ऐकताना.”

“कुलूप काढून टाक मग.”

“काढते की. आणि तुमचा टॉवेलच्या घडीतला पुडा? तो कोण काढणार?”

पाणीकाकांना वाटायचं, ते कोणाला ठाऊक नाही.

पण पोहते ना, या एका गोष्टीवर ते सगळं सोडून देत. पाण्यात जाते तोवर चिंता नाही. पाणी तिला ओळखतं. वरून मुलींचे आवाज, उड्यांचे धप्पकन आवाज नळांतून खाली झिरपायचे, आणि त्यांतला एक आपल्या लेकीचा असं धरून ते जाळी घासत बसायचे. रोज दुपारी. आणि आज मांडीवर हा कोरडा कपडा. मग इतके दिवस आपण कोणाचं पोहणं ऐकत होतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्ग भरला तसे ते पंप तसाच चालू ठेवून वर आले. मुलींच्या कपडे बदलायच्या खोल्यांमागे एक जिना होता. वर कुठेच न जाणारा, कारण वरचा मजला बांधायचा राहूनच गेला होता. जिन्याखाली पाय धुवायचा नळ. नळ थेंबथेंब गळत होता. तिसऱ्या पायरीवर लेक बसली होती. केसांतून पाणी खांद्यावर, अंगात शाळेचा सदरा, मांडीवर उघडा पुडा.

“झाले केस भिजवून?”

ती दचकली. पुडा लपवायला टॉवेल शोधू लागली. पाणीकाका तिच्या खालच्या पायरीवर बसले, तिच्याकडे पाठ करून. माणसाकडे पाठ केली की बोलणं सोपं जातं, हे त्यांना पंपाने शिकवलं होतं.

“एक दे की मला पण.”

मग त्यांच्या खांद्यावरून एक हात पुढे आला, बोटांत बिस्कीट. दोघं खात बसले. वरून उन्हाचा एक चौकोन भिंतीवर पडला होता. त्यात तलावातल्या पाण्याची सावली हलत होती, उजेडाची जाळी कोणीतरी हळूहळू झटकावी तशी.

“कधीपासून?”

“उन्हाळा संपल्यापासून.”

“कोण काय बोललं?”

“कोणी नाही.” मग, बिस्कीट मोडत, “तूच.”

“मी?”

“तू पंपाच्या खोलीच्या दारातून हाक मारलीस ना. मासोळी, टॉवेल विसरलीस गं, म्हणून. सगळ्यांसमोर. मी फळीवर उभी होते. तर एक जण म्हणाली, ही कसली मासोळी, हा तर देवमासा.”

पाणीकाकांच्या तोंडातला घास तसाच राहिला.

“रागावू नकोस हां तिच्यावर. मीपण हसले. सगळ्यांत जोरात मीच हसले. मग उडी मारायची राहिली ती राहिलीच.”

नळ गळत होता. पाणीकाकांच्या हातांनी आजवर शेकडो नळ दुरुस्त केले होते. हा एक मात्र आज गळू द्यावा असं त्यांना वाटलं. काहीतरी बोलत होतं ते बरं होतं.

“भूक लागते का गं तुला इतकी?”

लेक विचारात पडली. हा प्रश्न तिला सगळ्यांनी विचारला होता, पण उत्तर ऐकायला थांबलं नव्हतं कोणी.

“सांगू? हसणार नाहीस?”

“तोंडात बिस्कीट आहे माझ्या. हसलो तर ठसका लागून मरेन.”

“भूक नसते रे बाबा. पुडा हातात घेतला ना, की वाटतं, पलीकडे कोणीतरी बसलंय. असे हात पुढे करून. मग मी जाते तिकडे. म्हणजे खाते. तोंडात असेपर्यंत वाटत राहतं, पोचले, पोचले. आणि संपलं की तिथे कोणीच नसतं. मग परत दुसरं खाते. परत जाऊन बघते.”

पाणीकाका भिंतीवरच्या उजेडाकडे बघत राहिले. ती जाळी मोठी मोठी होत गेली आणि डोळ्यांत विरघळली. एवढ्याशा पोरीने एवढं मोठं अंतर किती वेळा कापलं असेल! रोज, त्यांनीच घडीत ठेवलेल्या पुड्यावर बसून. आणि ते बरोबर तिच्या पायांखाली, जमिनीच्या पोटात, तिच्यासाठी पाणी गाळत होते.

“मी आपण होऊन मागे झालो,” ते म्हणाले. “तू मोठी झालीस. बरं दिसेना मला काठावर बसणं.”

“मला वाटलं, तुला कंटाळा आला.”

“वेडी का तू?”

“मग सांगायचं ना!”

“हो,” ते म्हणाले. “सांगायचं होतं.”

वर ताईंची शिट्टी वाजली. मुलींचा गलका उठला, फुटला, पाण्यावर पसरला. लेकीने मान तिकडे वळवली. तिच्या नाकपुड्या जराशा फुलल्या. तहानलेलं वासरू पाण्याचा वास घेतं तसं काहीतरी त्या चेहऱ्यावर होतं, आणि बापाने ते मान न वळवता, नुसत्या तिच्या श्वासावरून ओळखलं.

“जावंसं वाटतं?”

“रोज वाटतं. झोपेत जातेसुद्धा. झोपेत ना बाबा, तलावाला फरशा नसतात. शिडी नसते. पाणी आपलं असतंच असतं, सगळीकडे, आणि मला अंगच नसतं.” ती थांबली. “उठले की असतं.”

“त्या अंगाला पोहता येतं गं बाई. झोपेतल्याला काय, कोणीही पोहेल.”

ती पहिल्यांदा खरं हसली. मग म्हणाली, “पण कोणी बघायला नको. मुली नकोत, ताई नकोत. तूपण नको.”

“बरं.”

“पण तू अस.”

“असू, पण बघू नको?”

“हो.”

“हे कसं जमवायचं?”

“मला काय माहीत? पाणीकाका तू. तू ठरव.”

त्या रात्री जेवणं झाल्यावर बायको कात्री घेऊन बसली. तिला काही विस्ताराने सांगावं लागलं नाही. दोन वाक्यं सांगितली, तिसऱ्याला तिने “कळलं” म्हटलं आणि निळ्या पोशाखाच्या दोन्ही बाजू सरळ उसवल्या. आपल्या एका जुन्या पोशाखाचं काळं, ताणलं जाणारं कापड मधे घातलं. शिवताना पुटपुटत होती, “हिच्या वयाची होते तेव्हा माझीही अशीच होती कंबर. कोणी म्हटलं नाही काही. म्हणायला वेळ कुणाला होता!” मग दोरा दातांनी तोडला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, “काळा पट्टा आहे हां बाजूला. चांगला दिसतो. देवमाशालाही पट्टा असतो म्हणावं!”

पाणीकाका घाईने अर्धवट उठले. ही बाई काय बोलून गेली!

आणि आतून खुसखुस ऐकू आली. मग आईची. मग दोघींची एकदम. पाणीकाका एकटेच घाबरलेले.

तलावाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी असे. त्या दिवशी फिल्टर धुवायचे, जाळ्या घासायच्या, आणि तलावाला जरा निवांत पडू द्यायचं. ताईंना त्यांनी आधीच विचारलं होतं. ताईंनी एक क्षण त्यांच्याकडे बघितलं, आणि “मी काय, घरी असते सुट्टीच्या दिवशी,” म्हणून किल्ल्या पुढे केल्या.

दुपार होती. ऊन मऊ होतं. रिकाम्या तलावावर कसलाच आवाज नव्हता, आणि पाणी इतकं निश्चल की आभाळ त्यात उतरून विसावलं होतं. लेक टॉवेल गुंडाळून काठापासून लांब उभी होती.

“मी खाली असेन,” पाणीकाका म्हणाले. “बघणार नाही. पण एक अट. तू पाण्यात असताना पाण्याचा आवाज थांबला, तर मात्र मी वर येणार. तेवढं चालवून घे.”

“तुला खाली काय कळणार?”

“कळेल.”

“पंपाच्या आवाजात?”

“पंप बंद ठेवतो.”

ते लोखंडी जिना उतरले आणि खटका खाली ओढला. घुमणारा आवाज उतरत गेला, उतरत गेला, आणि थांबला. इतक्या वर्षांत दिवसाउजेडी ती खोली त्यांनी अशी गप्प ऐकलीच नव्हती. नळ थंड होताना टिकटिक करत होते. कोपऱ्यात टाकी होती, अरुंद आणि खोल. तलावाच्या कडेने जी पन्हळ जाते, तिच्यात काठावरून सांडलेलं पाणी येतं आणि या टाकीत पडतं. पंप चालू असला की ते अखंड पडतच असतं, म्हणून कधी ऐकू येत नाही. आता वरचं पाणी काठाला भरून स्तब्ध होतं, पन्हळ निथळत आली होती, आणि खाली टाकीही स्तब्ध होती. एक टपोरा थेंब पन्हळीच्या तोंडाशी लोंबकळत होता, पडू की नको करत.

पाणीकाका टाकीजवळ उभे राहिले.

काहीच झालं नाही. थेंब पडला, दुसरा जमला. वर फरशीवर अनवाणी पावलं वाजली, काठाकडे गेली, परत मागे आली. थांबली. मग बराच काळ तीही नाहीत. त्यांच्या मनात आलं, ती गेली. जिन्याखालच्या नळाकडे गेली असेल, केस भिजवत असेल. जिन्याची पहिली पायरी त्यांच्या हाताशी होती. चार हाका मारता आल्या असत्या. कुठली हाक मारावी हेच त्यांना आता कळेनासं झालं होतं. तिची सगळी लाडाची नावं त्यांच्या तोंडाशी येऊन मुकाट्याने परत गेली.

ते हलले नाहीत.

आणि मग पाणी आलं. आधी आवाज नाही, नुसती पन्हळीत एक चाहूल, लांबून कोणी रेशीम ओढत आणावं तशी. मग तोंडाशी फुगलं आणि टाकीत कोसळलं, घळघळ, भरघोस, आणि पडतच राहिलं. ही लहान असताना ओंजळभर सांडायचं. आज ते संपता संपेना. वर एका मुलीने पाण्यात पाऊल टाकलं होतं, मग गुडघा, मग कंबर, मग सबंध स्वतःला, आणि जेवढी ती होती, अगदी तेवढंच पाणी, ना थेंब कमी ना थेंब जास्त, तिला जागा देऊन उठलं होतं आणि खाली बापाकडे आलं होतं.

पुढे आवाजाला लय आली. थोडं सांडायचं, थांबायचं, पुन्हा थोडं सांडायचं. कधी या बाजूने, कधी त्या. ती हसत होती की रडत होती, चेहरा पाण्यात होता की आभाळाकडे, हे काही पाण्याने सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. आता हे असंच असणार होतं. ती वर, आणि मधे एवढी मोठी फरशी.

टाकीच्या भिंतीवरचं कोरडं सिमेंट बोटभर उंचीपर्यंत भिजून काळं झालं होतं. पाणीकाकांनी त्या ओल्या रेघेवर तळहात ठेवला, आणि जिन्याकडे पाठ करून ते तिथेच उभे राहिले.